मास्तरांची राहिलेली ट्रायल

मी मास्तरांच्या पोटातली नळी बोलतेय. एव्हाना ओरडून घसा बसला असता, पण मला घसाच नाही. तीच तर पंचाईत आहे.

दिसायला मी पॅन्टसारखी. वर कंबर, खाली दोन पाय. अंग कापडाचं, त्याला तारेच्या कड्या. टोप्या-मास्क घातलेल्या बायकांनी भिंगाखाली धरून मला हातानं शिवलं. टाका जरा वाकडा पडला की उसवायच्या आणि पुन्हा घालायच्या. आणि एवढं होऊन मी आले कुठं, तर एका शिंप्याच्या पोटात!

मास्तरांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून तिची पिशवी झाली होती. जुन्या पॅन्टचा गुडघा विरतो तशी ती विरली होती. फुटली असती तर दवाखानाही गाठता आला नसता. म्हणून आतून अस्तर लावायचं ठरलं. ते अस्तर म्हणजे मी.

"रक्तवाहिनीपेक्षा मोठं माप कशाला?" मास्तरांनी डॉक्टरांना विचारलं. "ढगळ होईल की."

"ढगळ नाही, ताणून बसेल. सैल राहिली तर कडेनं रक्त शिरेल. म्हणून नंतरही पोटाचे फोटो काढून बघत राहायचं. याल ना?"

"ट्रायलच ती. येणार म्हणजे येणार."

या शब्दावर मी आत गेले.

मला दाबून एका बारीक नळकांड्यात कोंबलं आणि उजव्या जांघेतून तारेवरून वर सरकवलं. मास्तर जागेच होते. पडद्यावर त्यांच्या रक्ताच्या वाटा उमटत होत्या. माझी वरची कड किडन्यांच्या वाटांच्या लगेच खाली यायला हवी होती. वर गेली तर किडन्या उपाशी, फार खाली राहिली तर मी पिशवीत लोंबकळणार.

"मास्तर, श्वास रोखा. हलू नका."

"बोललो तर चालेल?"

"नाही!"

मी उघडले, कड नेमकी बसली. पण माझा डावा पाय मुळात अर्धाच. उरलेला तुकडा डाव्या जांघेतून आणून जोडायचा होता. त्यासाठी तिकडची तार त्या अर्ध्या पायाच्या तोंडात शिरायला हवी. ती शेजारून जाई, मागून जाई, आत काही शिरेना.

"सुईत दोरा जाईना का?" मास्तर पडल्यापडल्या म्हणाले. डॉक्टर पुन्हा तार सरकवू लागले.

शेवटी तार गेली. तुकडा जोडला, आतून फुगा फुगवून माझ्या कडा दाबून बसवल्या. पहिला फोटो छान आला.

दुसऱ्या फोटोला मास्तर गेलेच नाहीत.

"दुखत नाही, खुपत नाही, कशाला जायचं?" अहो, दुखणारच नाही! इकडे माझ्या डाव्या पायाचं टोक सरकलं होतं. कडेनं रक्त पिशवीत शिरत होतं, पिशवी पुन्हा फुगत होती. मी काय करणार? चिमटा काढायला मला नखं आहेत का?

"अहो, फोटोचं काय झालं?" काजं करताकरता बायको रोज विचारी.

"हा कोट हातावेगळा होऊ दे."

"मग?"

"मग दुसरा आहे ना!"

मला असं वाटे की आतल्या आत उलटं व्हावं.

एक दिवस ज्यानं कोट शिवायला टाकला होता तो तरुण वकील आला. "मास्तर, दुसरी ट्रायल राहू द्या. पहिली झालीय की."

मास्तर भडकले. "पहिलीनं काय होतंय? अंग बदलतं, कापड बसतं. दुसऱ्या ट्रायलला येणार नसशील तर तुझं कापड घेऊन जा!"

"घेऊन जा रे बाबा," बायको मान वर न करता म्हणाली. "हे तरी कुठं जातात दुसऱ्या ट्रायलला?"

"तो विषय वेगळा आहे."

"वेगळा कसा? कोट बिघडला तर उसवाल. पोटातलं कोण उसवणार?" तिची सुई थांबली. हातातलं काज तसंच राहिलं.

मशीनवरचा मास्तरांचा पाय थांबला. वकील हळूच म्हणाला, "मास्तर, आधी तुमची होऊ द्या. मग माझी."

शेवटी मास्तर गेले. फोटो पाहून डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलंच नाही. पुन्हा जांघेतून शिरून माझ्या डाव्या पायाला खाली आणखी एक तुकडा जोडला. "पायाला लांबी कमी पडली होती तर," मास्तर पुटपुटले. या वेळी थट्टा नव्हती त्यात.

आता गळती थांबलीय. मास्तर, एवढंच ऐका. मी शिवलेली आहे, उगवलेली नाही. मी सरकते, ताणली जाते. दुखलं की जाईन म्हणू नका. दुखेल तेव्हा उशीर झालेला असेल.

काल पुढच्या फोटोची तारीख आली. तोंडात टाचण्या धरून मास्तर म्हणाले, "हा कोट हातावेगळा..." आणि बायकोच्या थांबलेल्या हाताकडे बघून त्यांनी टाचण्या काढून ठेवल्या.

"चल. कोट थांबेल."

बरं. आता मी जरा गप्प बसते.