कागदी कंबर

कार्डाची पट्टी ओढली की कागदाच्या छगनमामांची कंबर वाकत नव्हती. बाकीचे पाच जण व्यवस्थित झुकत होते. विजयमालाने मामांच्या कमरेतला दोरा सोडला, गाठ जरा सैल मारली आणि पट्टी पुन्हा ओढली. आता तेच सगळ्यांत छान वाकले. ती स्वतःवरच खूश झाली.

त्या खुशीची तिला पुढे फार किळस आली.

विजयमाला संगमनेरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात बावीस वर्षं मदतनीस होती. हंगामीच. दर जूनला नेमणुकीचं नवं पत्र यायचं. फाटकी पुस्तकं शिवता शिवता तिला शुभेच्छापत्रं करायचा नाद लागला. उरलेल्या पुठ्ठ्यातून ती हलणारी चित्रं कापायची. कुणाला बाळ झालं की तिच्या कार्डात पाळणा हलायचा, कुणी निवृत्त झालं की सायकलची चाकं फिरायची. लोक ती कार्डं कपाटात जपून ठेवत.

संस्थेच्या अध्यक्षांची पंचाहत्तरी आली तेव्हा प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. मधे खुर्चीत साहेब, समोर कर्मचारी, पट्टी ओढली की सगळे पाया पडले पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं. आणि माणसं ओळखू आली पाहिजेत. तिला ते कसंतरीच वाटलं, पण जून तोंडावर होता. तिने मान हलवली. मग चेहरे काढण्यात आणि कमरा जुळवण्यात ती अशी रमली, की चित्र कशाचं आहे हे विसरूनच गेली.

समारंभात साहेबांनी पट्टी ओढली. मग पुन्हा पुन्हा ओढली. तोंडातला पेढा तसाच ठेवून ते हसत राहिले. छगनमामा, कॉलेजचे जुने शिपाई, पाण्याचा ट्रे घेऊन शेजारीच उभे होते. साहेबांनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा मामांकडे.

"अरे, हा तर आपला छगन. कागदाचा बघ कसा वाकतोय. तू पण दाखव की वाकून."

सभागृह हसलं. प्राचार्य सगळ्यांत मोठ्याने. मामांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, ग्रंथालयाच्या तीन पायऱ्यासुद्धा ते कठडा धरून चढत. त्यांनी ट्रे ठेवला, टेबलाची कड धरली आणि वाकले. साहेबांनी पट्टी ओढली. कागदाचे मामा आणि खरे मामा एकदमच खाली गेले. फोटो नीट आला नाही म्हणून परत एकदा.

विजयमालाला तोंडातला पेढा गिळवेना. बाहेर जाऊन तिने तो थुंकला.

संध्याकाळी ती मामांच्या घरी गेली. त्यांची बायको केशरबाई त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. विजयमाला दारातच उभी राहिली. माझ्यामुळे झालं, एवढंच तिला म्हणता आलं.

"ताई, तुमी कागूद वाकवला," मामा म्हणाले. "मी तर हाडामासाचा हाय. मलाबी न्हाई म्हनता आलं न्हाई."

केशरबाईने मान वर केली नाही. चहाचंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य ग्रंथालयात आले. कार्ड साहेबांना फारच आवडलं होतं. आता सगळ्या विश्वस्तांसाठी एकेक तसंच करायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"मी नाही करणार, सर."

वेळ कमी पडत असेल तर दुसरं काम काढून घेतो, असं ते म्हणाले.

"वेळ आहे," ती म्हणाली. "मला शिसारी येते."

प्राचार्य दाराकडे वळले. मग जून जवळ आलाय, तेवढं लक्षात ठेवा, म्हणाले. लक्षात आहे, असं तिने सांगितलं आणि समोरच्या फाटक्या शब्दकोशात सुई घातली.

जूनमध्ये बाकीच्यांची पत्रं आली. तिचं आलं नाही. तिने कपाटांच्या किल्ल्या दिल्या, आणि कात्री, सुया, पुस्तकं दाबायचा स्वतःचा लाकडी शिकंजा पिशवीत भरला. पिशवी चांगलीच जड झाली. छगनमामा फाटकापर्यंत आले, पिशवी मागू लागले. ती देईना. तेही हटेनात. शेवटी एक बंद त्यांनी धरला, एक तिने, आणि दोघं मामांच्या चालीने रिक्षांकडे निघाली.