आकाश तांबडे नव्हते

मित्रांनो, मी जुना आहे, जड आहे आणि माझा पंखा घरघरतो. हे तिन्ही आरोप मला मान्य आहेत. चौथा मात्र नाही.

मी पुण्यातल्या एका कला महाविद्यालयातला स्लाइड प्रोजेक्टर. दिवा, त्याच्यामागे आरसा, पुढे भिंग, एवढेच माझे शरीर. फिल्मचा छोटा चौकोन, म्हणजे स्लाइड, माझ्यात सरकवली की तिच्यावरचे चित्र भिंतीएवढे होते. तीस वर्षे कला-इतिहासाच्या वर्गाने अजिंठा, हंपी माझ्याच प्रकाशात पाहिले. पुढे संगणक आला आणि माझ्यावर छत्र्या वाळू लागल्या.

यंदा ठरले, की स्लाइडच्या प्रती संगणकात भरायच्या, मग स्लाइड आणि मी, दोघेही भंगारात. त्याआधी अनंत सरांनी शेवटचा तास माझ्यावर घेतला. सासवडकडच्या एका देवळातले भित्तिचित्र लावून ते नेहमीप्रमाणे म्हणाले, की चित्रकाराने तांबडे आकाश किती धीटपणे रंगवले आहे. सगळ्यांनी लिहून घेतले. परीक्षेत वर्षानुवर्षे हेच उत्तर बरोबर होते.

मांजरी गावाहून येणारी श्यामला लिहीत नव्हती. ती ते देऊळ पाहून आली होती.

"सर, आकाश निळं आहे. स्लाइड तांबडी झालीय."

"तीस वर्षं शिकवतोय मी. आपण कधीपासून?"

वर्ग हसला. कोणीतरी म्हणाले, या डब्याचा दिवाच बिघडला असेल. हाच तो चौथा आरोप.

श्यामलाने स्लाइड बाहेर काढली. भिंतीवर माझा नुसता प्रकाश पडला. पांढरा, स्वच्छ. स्लाइड परत सरकवून तिने चित्राच्या कडेला बोट ठेवले. फोटो काढताना मापासाठी तिथे कागदाची पट्टी चिकटवलेली होती.

"मग ही पट्टी गुलाबी कागदाची होती का, सर?"

जुन्या फिल्ममधला निळसर रंग बहुधा आधी विरतो, हेही तिने सांगितले. सर भिंतीजवळ गेले. वाकून त्यांनी ती पट्टी निरखली.

"ती पट्टी मीच चिकटवली होती," सर म्हणाले. "पांढरी होती."

मग चष्मा पुसत म्हणाले, "रविवारी सगळ्यांनी सासवडला यायचं. तिकीट ज्याचं त्याने काढायचं."

आता मूळ रंग तपासल्याशिवाय एकही प्रत संगणकात जात नाही. माझे भंगारात जाणे मात्र टळलेले नाही. उद्या टेम्पो येईल. मला वाचवा, असे मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, देवळातली ती चित्राची भिंत वाचवा. तिच्यावर खिळे ठोकू नका, चुना फासू देऊ नका. आणि सगळा वर्ग तांबडे म्हणाला, तरी स्वतः पाहिलेले निळे वहीत निळेच लिहा.