बेचाळीस दात आणि एक कौल

मित्रांनो, माझी कहाणी मी तक्रारीनेच सुरू करणार आहे. मी एक जुना स्प्रॉकेट आहे. हे नाव तुम्ही ऐकले नसेल तर त्यात तुमचा दोष नाही, कारण ज्याच्या गाडीला मी चार वर्षे जखडलेला होतो त्यालासुद्धा माझी आठवण झाली नाही. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला एक लोखंडी दातेरी चक्र असते, ते म्हणजे मी. माझा धाकटा भाऊ चौदा दातांचा, तो पुढे इंजिनापाशी बसतो. आम्हा दोघांवरून चेन फिरते. इंजिन गुरगुरते म्हणून सगळे त्याचे कौतुक करतात, पण त्याचा जोर चाकापर्यंत पोचवायचा कोणी? आम्ही!

मला बेचाळीस दात आहेत. दातांचे गणित सोपे आहे. मागच्या चक्राला दात जास्त असले तर गाडीला चढावर बळ मिळते, कमी असले तर सपाटीवर वेग मिळतो. दोन्ही एकदम मिळत नाही. एवढे कळले तरी अर्धी मोटारसायकल कळली, असे मी म्हणतो.

माझा मालक सगुण हा डिचोलीतल्या कारापूरच्या तिठ्यावरचा पायलट. विमानाचा नव्हे हो! गोव्यात भाडे घेऊन मोटारसायकलच्या मागे माणसे बसवून नेणाऱ्यालाही पायलटच म्हणतात. त्याच्या गाडीचा पुढचा मडगार्ड पिवळा असतो. तिठ्यावर असे सहा पिवळे मडगार्ड ओळीने उभे असत. बाजाराला जाणारी म्हातारी, मासळीची पाटी, गॅसचा सिलिंडर, आम्ही कशालाच नाही म्हटले नाही.

पहिल्या वर्षी माझे दिवस चांगले गेले. दर रविवारी सगुण गाडी स्टँडवर घेई, मागचे चाक हाताने फिरवी, जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून माझा एकेक दात घासून काढी आणि चेनला तेल पाजी. त्याची बायको कमलाक्षी पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उंडे पाव आणि चहा घेऊन बाहेर येई आणि म्हणे, "स्वताचे दात तरी इतके घासतास काय?" मला त्या थट्टेचा मोठा अभिमान वाटे.

मग खाणीचे ट्रक वाढले. दिवसभर तिठ्यावरून ते मातीने भरलेले जात आणि लाल धुळीचा लोट उठे. ही धूळ तेलात कालवली की तिचा खरकागद होतो. ती चेन झिजवते, मलाही झिजवते. नेमके तेव्हाच सगुणचे रविवार बंद झाले! भाडी वाढली, वेळ उरला नाही. दसऱ्याला मात्र तो गाडी लखलखीत धुई. हँडलला रोझांची, म्हणजे झेंडूची, माळ, टाकीला हळदकुंकू, दिव्याला हळदकुंकू, आरशालासुद्धा हळदकुंकू! आरसा काय काम करतो हो? मी खाली चिखलात, धुळीत दात झिजवत होतो. माझ्यापाशी वाकून कोणी बघितले नाही. तीन दसरे मी असे गिळले.

आता जानकीबाईंविषयी सांगतो. त्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स. दर बुधवारी बर्फात ठेवलेल्या लशींची पेटी मांडीवर घेऊन त्या सड्यावरच्या वाडीत जात. सडा म्हणजे डोंगरावरचे उघडे पठार. तिथे बस जात नव्हती. चढ इतका उभा, की दुसरे पायलट तिकडचे नाव काढले की दुसरीकडे बघत. जयराम नावाच्या पायलटने तर वेगाच्या हौसेने छत्तीस दातांचा स्प्रॉकेट घातला होता. सपाटीवर तो वाऱ्यावर स्वार असे, पण चढावर मागच्या माणसाला उतरून त्याची गाडी ढकलावी लागे. सड्यावर जाणारा एकटा सगुण. म्हणजे खरे तर एकटा मी. वाडीतल्या लहान मुलांना लस मिळणे न मिळणे माझ्या दातांवर होते, आणि ते दात झिजून वाकडे, टोकदार आकडे झाले होते.

चौथ्या वर्षी चेन सैल पडून खडखडू लागली. मेकॅनिक यशवंतने बघितले आणि सांगितले, "सगुणा, चेन एकटी घालून भागाचा नाय. चेन आणि दोनय सॉकेटा, तिनय एकदम बदलूक व्हयी." गॅरेजात स्प्रॉकेटला सॉकेटच म्हणतात, म्हणजे तो माझ्याविषयी आणि धाकट्या भावाविषयी बोलत होता. सगुणला ठरवता येईना. आमच्या गावात ठरत नसले की काय करतात? ग्रामदेवीचा कौल घेतात.

दुसऱ्या दिवशी गाडी देवळाच्या अंगणात उभी राहिली. अनंत गुरवांनी देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सगुणने हात जोडले आणि गुरवांनी गाऱ्हाणे घातले, "माये, तुझो लेकरू सगुण तुझ्या पायाशी इलो आसा. गाडयेक नवी चेन घालू काय, ता सांग." मी बाहेरून कान देऊन ऐकत होतो. आता माझे नाव येईल, आता येईल. आले नाही! उजवी पाकळी पडली. सगुण डोळे पुसत बाहेर आला आणि थेट यशवंतकडे गेला.

"देवीन चेनीचो कौल दिलो. चेन घाल."

"आणि सॉकेटा?"

"त्येंचा काय विचारूक नाय. जा कौलात नाय, ता कशाक करू?"

यशवंतने माझ्याकडे बघितले, मान खाजवली आणि म्हणाला, "देवी म्हणता तर घालतंय बाबा." सांगायला हवे ते माहीत असून त्याने गिळले. माझा सगुणवर आहे त्याहून थोडा जास्त राग त्याच्यावर आहे.

मित्रांनो, नव्या चेनच्या कड्या अगदी मापाच्या असतात. माझ्या झिजलेल्या दातांवर त्या बसेनात. मी जीव तोडून धरत होतो, त्या वर चढून निसटत होत्या. कटक, कटक! मी ओरडत होतो आणि सगुण म्हणत होता, "नवी चेन आसा, बसतली हळूहळू."

बुधवार आला. जानकीबाई एका बाजूला पाय सोडून बसल्या, पेटी मांडीवर. सड्याच्या शेवटच्या वळणावर सगुणने पहिला गिअर टाकला, सगळा जोर माझ्यावर आला, आणि चेन माझ्या टोकांवरून उडून बाहेर पडली. गाडी मागे घसरली आणि आडवी झाली. जानकीबाईंचे मनगट मोडले. पेटी उघडून बर्फ लाल मातीत सांडला आणि लशींच्या बाटल्या फुटल्या. वर वाडीत बायका कडेवर पोरे घेऊन उभ्या होत्या. त्या तशाच परतल्या.

मग तिठ्यावर तोंडे सुटली. कोणी म्हणे देवी कोपली, कोणी म्हणे चेन नकली. सगुणच्या मागे कोणी बसेना. तो अंगणात गाडीजवळ बसून कमलाक्षीला म्हणाला, "परत कौल घेतंय. गाडी विकू काय, ता विचारतंय."

कमलाक्षी पदर खोचून त्याच्यासमोर उभी राहिली. "आदी माका सांगा, त्या दिसा देवीक काय विचारल्यात?"

"चेन घालू काय म्हणान."

"आणि ह्या चाकाचा?"

"ता नाय विचारलंय."

"मगे ती कशी सांगतली? आणि जा डोळ्यांनी दिसता, ता विचारूक देवळात कशाक जावचा?"

असे म्हणून ती खाली वाकली आणि तिने माझ्यावर बोट फिरवले. माझा आकडा तिच्या बोटात रुतला आणि रक्ताचा थेंब आला. मला लाज वाटली. तिने ते बोट नवऱ्यापुढे धरले. सगुण उठला आणि गाडी ढकलत यशवंतकडे निघाला.

त्या संध्याकाळी यशवंतने आम्हाला उतरवले. तो म्हणाला, "चूक माझीय आसा. मी जोरान सांगूक व्हया होता." मग त्याने विचारले, "बेचाळीस घालू काय अडतीस? अडतिसान गाडी सपाटीर पळतली."

"पळान खंय जाऊचा?" सगुण म्हणाला. "माका सडो चढूचो आसा."

तिन्ही वस्तू नव्या बसल्या. मला भंगारात टाकतील असे वाटले होते, पण सगुणने मला फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवले.

दीड महिन्यानंतरच्या एका बुधवारी जानकीबाई तिठ्यावर आल्या. हाताचे प्लास्टर नुकतेच निघाले होते, डाव्या हातात पेटी होती. जयराम म्हणाला, "बाय, पायथ्यापर्यंत सोडतंय, फुडे चलत जावा." त्या सगुणकडे बघत राहिल्या. सगुणला त्या क्षणी चेनला, धुळीला, देवीला, कोणालाही दोष देता आला असता. मलाही! मी पिशवीत दात आवळून वाट बघत होतो.

त्याने फडके सोडून मला त्यांच्यापुढे धरले. "बाय, चूक ह्येची नाय आणि देवीचीय नाय. ह्येका मी तीन वर्सां बघलंयच नाय."

मित्रांनो, एवढे एक वाक्य ऐकायला मी किती तळमळलो होतो ते तुम्हाला कसे सांगू!

जानकीबाईंनी मला हातात घेऊन माझे वाकडे दात बघितले. मग पेटी खाली ठेवली आणि नव्या स्प्रॉकेटपाशी गुडघ्यावर बसल्या. "ह्येचे दात किती?"

"बेचाळीस, बाय. मोजून बघा."

आणि त्यांनी खरेच मोजले. सगुण मागचे चाक हळूहळू फिरवत होता आणि त्या एकेका दाताला बोट लावत होत्या. अख्खा तिठा बघत होता. बेचाळिसाव्या दातावर त्या उठल्या, हात पुसले, पेटी मांडीवर घेऊन सगुणच्या मागे बसल्या.

तेव्हापासून मी यशवंतच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेला आहे. एकटी चेन मागायला कोणी आला की तो मला काढून त्याच्या हातात देतो. तुमच्या घरीही एखादी गाडी असेल. तिला दसऱ्याला माळ घाला, माझी ना नाही. पण वडिलांना एकदा चाक फिरवायला सांगा आणि तुम्ही खाली वाकून दात मोजा. बेचाळीस दात मोजायला जानकीबाईंना दोन मिनिटेही लागली नव्हती. तीन वर्षांत तेवढी दोन मिनिटे मला कोणी दिली असती, तर त्या बुधवारी वाडीतली पोरे लस न घेता परत गेली नसती.