दुप्पट बयाना

बळीरामचं अर्धं आयुष्य नरखेडकडच्या बैलबाजारांत गेलं होतं. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहायचं, दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव जुळवायचा, आणि दावं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेलं की दलाली घ्यायची. पुढे वाटेत बैल लंगडला तरी दलालाला कुणी परत बोलावत नसे. हे कधी बोलून दाखवावं लागलं नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी शहरालगतच्या हुडकेश्वरकडे शेतांचे प्लॉट पडू लागले, तसा तो जमिनीच्या दलालीत आला, आणि इथेही काही बोलला नाही. चूक तिथेच झाली. शेकडा दोन, दोन्हीकडून, एवढं तो ठरवायचा. केव्हा, ते ठरवायचा नाही. त्याच्या हिशेबी बयाना, म्हणजे इसाराची रक्कम, दिली की दावं हाती आलं. जमीनवाले असं धरत नाहीत, हे त्याला ठाऊक नव्हतं.

भैय्याजींच्या शेतातला कोपऱ्याचा प्लॉट त्याने ताराचंदला दाखवला. ताराचंद रेल्वेत कारकून, लग्नापासून भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा. भाव जुळला, भैय्याजींच्या ओसरीवर पाचशेचा बयाना झाला, चहा झाला. बळीरामने तिथेच दलालीचा विषय काढला. रजिस्ट्री होऊ द्या, असं दोघेही हसत म्हणाले, म्हणून त्याने ताणलं नाही. पण त्याचे आणखी दोन सौदे असेच बयान्यावर थांबले होते. इथे जे ठरेल तेच तिथेही चालणार होतं.

महिनाभरात भैय्याजींना चढ्या भावाचं गिऱ्हाईक भेटलं. रीतीप्रमाणे त्यांनी ताराचंदला बयाना दुप्पट परत केला आणि मोकळे झाले. बळीरामला ही गोष्ट पानठेल्यावर कळली.

तो आधी ताराचंदकडे गेला. ताराचंदने बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, की प्लॉट मिळाला नाही तर दलाली कशाची.

"माहं काम जोडून द्याचं. ते मी केलं."

"केलं ना, बळीरामजी. पण मी याच दोन खोल्यांत आहो."

"पाचशे वरचे तर आले तुमाले."

"ते प्लॉट गेल्याचे आले. ज्यानं मोडलं त्याले विचारा."

बळीरामला यात खोट दिसेना. तो उठला आणि सायकल भैय्याजींच्या शेताकडे वळवली.

भैय्याजी विहिरीवर पंपाजवळ बसले होते. बळीराम कशाला आला ते त्यांनी पाहताच ओळखलं, पण पाटाचं पाणी बघत राहिले. बळीरामने मागणं सांगितलं.

"रजिस्ट्रीच नाही झाली, तं सौदा कुठं झाला गा? कशाची दलाली मांगून राहिला?"

"सौदा झाला नाही म्हणता?"

"नाहीच झाला."

"मंग बयाना दुप्पट काहून देल्ला?"

"रीत आहे ते."

"रीत मोडल्याची आहे, भैय्याजी. सौदा झालाच नसता, तं पाचशेचे पाचशे वापस केले असते तुम्ही. जो झालाच नाही तो मोडंल कसा?"

भैय्याजींनी पायाने पाटातली काडी बाजूला केली. बैलाचे दात पाहता पाहता तू माणसाचेही पाहाले लागला, असं काहीसं पुटपुटले. मग शेतातल्या घरात जाऊन पैसे घेऊन आले.

"नव्या भावानं मोजू का जुन्या?" त्यांनी टोमणा मारला.

"जुन्या. नवा सौदा माहा नाही."

ताराचंदच्या वाट्याची दलाली त्याने मागितली नाही. पैसे खिशात गेल्यावर भैय्याजी म्हणाले, विहिरीकडचे दोन प्लॉट अजून आहेत, कुणी असला तर आण.

"आणतो. पण दलाली बयान्याच्याच दिवशी. आताच सांगून ठेवतो."

"आन् मी मोडलं तं?"

"तरी."

भैय्याजी पंप बंद करायला उठले आणि जाता जाता 'बरं' म्हणाले. ते किती मनापासून होतं, हे बळीरामला कळलं नाही.