चौदा नंबरचा प्लॉट

"टेप जरा ताणून धरा, आण्णा," वैजनाथ म्हणाला, आणि आण्णासाहेबांनी भर उन्हात निमूटपणे टेपचं टोक धरलं. चाळीस एकरांचा धनी दुसऱ्याच्या टेपचं टोक धरून उभा आहे, हे दृश्य मुरुमच्या शिवारात रोज दिसत नाही. पण प्लॉटिंग मंजूर व्हायचं असलं की माणसाला बरंच काही जमतं.

वैजनाथ धाराशिवच्या नगर रचना कार्यालयात रचना सहायक होता. कोणी शेतात प्लॉट पाडायचे ठरवले की फाइल त्याच्या टेबलावर यायची. जागेवर जायचं, नकाशा आणि नियम ताडून बघायचे, अभिप्राय लिहायचा. मंजुरीची सही साहेबांची. तीस वर्षं त्याने लोकांच्या घरांपुढचे रस्ते मोजले आणि स्वतः सात भाड्याच्या घरांत राहिला. त्या सातही घरांत बायकोने, शरणम्माने, कढीपत्त्याचं एकच रोप नेलं होतं, तेलाच्या डब्यात लावलेलं. बदली झाली की ते टेम्पोत सगळ्यात शेवटी चढायचं आणि सगळ्यात आधी उतरायचं.

आता निवृत्तीला चार महिने उरले होते. मुरुम हे शरणम्माचं माहेर. तिच्या भावाने आण्णासाहेबांकडे शब्द टाकून चौदा नंबरचा प्लॉट धरून ठेवला होता. पूर्वेला तोंड, मागे मोकळं रान. डबा आता बदलायचा नाही, रोप सरळ जमिनीतच लावायचं, असं तिने दोन महिन्यांपूर्वीच जाहीर केलं होतं. आणि नेमकी त्याच प्लॉटिंगची फाइल वैजनाथच्या टेबलावर आली. साहेबांना सांगून ती दुसऱ्याकडे द्यायला हवी होती, पण त्याने तोंड उघडलं नाही. सगळं नियमात बसतंय, मग कशाला उगाच बोभाटा, असं त्याने स्वतःला समजावलं.

आणि बसतही होतं. रस्ते पुरेसे रुंद होते, खुली जागा सोडलेली होती. नकाशावर खालच्या अंगाला ओढ्याची एक बारीक रेघ होती आणि नियमाप्रमाणे तिच्यापासून अंतर सोडून प्लॉटांची शेवटची ओळ. चौदा नंबर त्याच ओळीत. वैजनाथ तिथे जाऊन उभा राहिला आणि स्वयंपाकघर कुठे येईल ते बघू लागला. मोजायला आलेल्या माणसाने असं बघू नये, हे त्यालाही कळत होतं.

वरच्या अंगाला बिरदेव धनगराची मेंढरं होती. रान मोकळं झालं की खतासाठी आण्णासाहेब दरवर्षी ती आठ दिवस शेतात बसवत. हे शेवटचं वर्ष. बघता बघता वैजनाथला एक गोष्ट खटकली. वरचं रान लेंड्यांनी काळं झालं होतं आणि खालची पट्टी, चौदा नंबरसकट, झाडून काढल्यासारखी स्वच्छ होती.

"मामा, खाली न्हाई बसवली मेंढरं?"

"तितं बसत न्हाईत, सायेब. बसवली तरी उठत्यात," बिरदेव म्हणाला. "खाली ओल हाय. मेंढरू ओलीवर बसत न्हाई, खूर सडत्यात त्येचे. माझा बाप बी वरच बसवायचा."

"पण कोरडं ठणठणीत दिसतंय की."

"दिसतंय वरनं. वढा हितनंच व्हता. आण्णांनी मशीन लावून भरून घ्येतला, धा वर्सं झाली. पाण्याला कुटं म्हाईत हाय त्ये?"

वैजनाथने पहार मागवली. हातभर खणल्यावर काळी माती पहारीला चिकटून वर आली. मग त्याने फाइलच्या तळाशी टाचलेला, कोणीच उघडत नाही असा गावाचा जुना नकाशा उघडला. त्यात ओढा दोन रेघांनी काढलेला होता, चांगला रुंद, आणि तो चौदा नंबरच्या पोटातून जात होता. मोजणीवाल्यांनी हल्लीची उरलेली नाली तेवढी धरली होती.

"आण्णा, ओढा इथं होता?"

आण्णासाहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "व्हता. पन एवढासा. म्या कुनाचं वाईट चितलं न्हाय, सायेब. रान सपाट दिसावं म्हनून भरला." मग हळूच म्हणाले, "आवो, चौदा नंबर तर तुमचाच हाय."

"म्हणूनच विचारतोय."

"मंग तुमाला वरच्या वळीत देतो की एक. रस्त्याला लागून. त्यात काय एवढं?"

वैजनाथला तो प्लॉट हवा होता. अगदी मनापासून हवा होता. वरची जमीन कोरडी, मेंढरांनी पारखलेली.

"नको आण्णा," तो म्हणाला. "हे लिहून तुमच्याकडनं प्लॉट कसा घेऊ?"

लिंबाच्या सावलीत बसून त्याने अभिप्राय लिहिला. ओढ्याचा मूळ प्रवाह मोकळा ठेवावा, शेवटच्या ओळीतले सहा भूखंड वगळून सुधारित रेखांकन सादर करावे. मग खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. भूखंड क्रमांक चौदा माझ्या कुटुंबासाठी राखून ठेवण्यात आला होता. हे मी आधी कळवले नाही.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. शरणम्मा दारातच होती.

"काय म्हनले आण्णा? कदी हुतंय?"

त्याने सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. ती पायरीवर बसून ऐकत राहिली.

"म्हंजे आपल्याच भिंतीला ओल आली असती."

"हो."

"आन् वरचा?"

"नको म्हटलं."

तिने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

"मला एकदा इचारायचं तरी," ती म्हणाली.

"चुकलं माझं."

ती उठून मागच्या अंगणात गेली. रंगाची एक मोठी रिकामी बादली घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"बुडाला भोकं पाडून द्या हिच्या. जुन्या डब्यात मुळ्या मावंनात झाल्यात."

वैजनाथने खिळा-हातोडी आणली, बादली पालथी घातली आणि एकेक भोक पाडू लागला. शरणम्मा मुळ्यांची माती सांडू न देता डब्यातून काढलेलं रोप दोन्ही हातांत धरून उभी होती.