पहिली आरोळी

डिशचा रिचार्ज मी भरायचा आणि विकेट या शेजारणीने घ्यायची, हा कुठला न्याय?

हिवरखेडच्या आमच्या गल्लीत माझं टेलरिंगचं दुकान आहे. मागे घर, आणि घराला लागून म्हाताऱ्या गोदाबाईंचं, आमच्या गोदामायचं घर. मधे एकच भिंत. मी छतावर डिश बसवली, मोठा टीव्ही घेतला आणि मॅचच्या दिवशी गिऱ्हाइकांना बोलावून ऐटीत बसलो. बॉलर अजून धावतच होता, तोच भिंतीपलीकडून आरोळी आली, "गेलाऽऽ! उडाला बाप्पा, उडाला!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग आमच्या पडद्यावरच्या बॉलरने सावकाश चेंडू टाकला आणि स्टंप उडाले.

म्हातारीचा टीव्ही म्हणजे जुनं डबडं. चित्रात निम्म्या मुंग्या. पण तिच्या नवऱ्याने, नत्थुजींनी, हयात असताना छतावर सागाच्या बल्लीला बांधलेला अँटेना दूरदर्शनच्या टॉवरवरून चित्र सरळ उचलायचा. आमच्या डिशचं चित्र वर आकाशात जाऊन, कुठे कुठे फिरून मग खाली यायचं. फरक दोन-चार सेकंदांचाच. तेवढ्यात ती अख्ख्या गल्लीची मॅच नासवून मोकळी व्हायची.

एकदा मी तणतणत तिच्याकडे गेलो. "माय, जरा दमानं ओरडत जा ना वं. आमची मजा जाते."

तिने तूर पाखडणं थांबवलं नाही. "तुयी डिश लेट हाये तं म्या काहून थांबू? अन् मले सांग ताहेर, या गल्लीत आरोळी आली का लोकायच्या पोटात गोळा येते. खरं का खोटं?"

खरंच होतं ते. वर्षंच तशी होती. बोंडअळीने कापूस खाल्ला, पावसाने दगा दिला, आणि गल्लीत कोणी मोठ्याने ओरडलं की बायका हातातलं टाकून दारात यायच्या. समोरच्या पार्वताबाईचा नवरा चंद्रभान सकाळी शेतात गेला आणि जिवंत परत आला नाही. ती बातमीसुद्धा आरोळीनेच आली होती.

"माह्या आरोळीले कोनी भेत नाई," गोदामाय म्हणाली. "पार्वताले ठाव हाये, आवाज गोदीचा हाये, म्हंजे कोनी आऊट झाला नाई तं सिक्स लागला. गल्लीतली पयली आरोळी चांगल्या खबरीची पायजे. अन् ते माह्या घरूनच निंगन."

त्या दिवसापासून मी भांडणं सोडलं. खोटं कशाला बोलू, पुढे मीच तिच्या नावाने मिरवायला लागलो. तेल्हाऱ्याचे सोयरे आले की म्हणायचो, "टीव्ही पाहा, पण खबर भिंतीतून आयका. असं तुमच्या गावात नाई."

मग टॉवर बंद झाला. आता सगळं डिजिटल, जुनं प्रसारण संपणार, असं पेपरात आलं होतं. तिने ते कानाआड केलं होतं. एका सकाळी टीव्ही लावला तर नुसत्या मुंग्या. मी छतावर चढून अँटेना चारी दिशांना फिरवला आणि वरून विचारत राहिलो, "आलं का, माय?" खालून एकच उत्तर, "मुंग्याच हायेत." शेवटी तिने बटण बंद केलं आणि टीव्हीवर फडकं टाकलं.

तिची लेक दामिनी अमरावतीहून आली आणि नवा टीव्ही व फुकटवाली डिश लावून देऊन गेली. चित्र लख्ख. एक मुंगी नाही. गोदामाय खूश होती. पुढची मॅच आली तेव्हा कळलं, की तिची डिश आमच्याहूनही लेट आहे.

विकेट पडली तेव्हा ओरडलो मी. माझ्याबरोबर आजूबाजूचे, चौकातले, सगळेच ओरडले. आणि पार्वताबाई पिठाच्या हातांनी, अनवाणी रस्त्यावर धावत आली. "काय झालं? कोनाचं काय झालं?"

"काई नाई भाभी, विकेट पडली," असं म्हणत माझ्या बायकोने, नगमाने, तिला धरून ओट्यावर बसवलं. मला स्वतःच्या गळ्याची लाज वाटली. गोदामायची आरोळी त्यानंतर आली, उशिरा, एकटीच. मग त्या मॅचभर ती पुन्हा ओरडली नाही.

"फायनलले ओरडशीन ना, माय?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"शिळी खबर कोन आयकते रे?" ती म्हणाली आणि आत निघून गेली. फार वाईट वाटलं मला. जिने माझी प्रत्येक मॅच नासवली, तिचा आवाज आता पुन्हा ऐकायला मिळणार नाही म्हणून मी, ताहेर टेलर, दिवसभर शर्टांची काजं उलट्या बाजूला करत होतो.

फायनल रविवारी दुपारी होती. शेवटची ओव्हर, जिंकायला चार धावा. बॅट फिरली, चेंडू उंच गेला आणि सीमारेषेपलीकडे पडला. आरोळी माझ्या अगदी दातांपर्यंत आली, तेवढ्यात उघड्या दारातून समोर पार्वताबाईचं घर दिसलं. मी गळ्यातली मापाची टेप धरली आणि तोंडात कोंबली.

मला वाटलं, गप्प बसलेला मी एकटाच. पण आजूबाजूच्या घरांतून आवाज नाही. चौकातून नाही. पानटपरीवरून नाही. सगळ्यांना कळलं होतं, सगळ्यांचे गळे फुटायला आले होते, आणि गल्ली चिडीचूप. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. अल्लाची शपथ, मी तर नाहीच.

आणि मग भिंतीपलीकडून ती आरोळी आली.

"लागलाऽऽ! जितलो रे, जितलो!"

त्यासरशी अख्खी गल्ली उसळली. टोप्या उडाल्या, कोणी थाळ्या बडवल्या. पार्वताबाई दारात आली, पण धावली नाही. "गोदामाय हाये," ती नगमाला म्हणाली आणि चौकटीला टेकून हसली.

गोदामाय बाहेर ओट्यावर आली. पदर खोचून तिने गल्लीवर नजर फिरवली आणि ती नजर माझ्यापाशी येऊन थांबली. टेप अजून माझ्या तोंडातून लोंबत होती.

"काहून रे ताहेर? तुयी डिश अजून लेटच हाये का?"

मी टेप काढली. ईदला नवा कुर्ता घालून निघावं तशी माझी छाती फुगली होती.

"लेट हाये माय," मी म्हणालो. "साऱ्या गल्लीचीच लेट हाये."