डाव्या पायाचं माप

मायक्रॉनने दिलेल्या मापावर दुसऱ्याने टेप लावायची त्या वर्कशॉपमध्ये पद्धतच नव्हती. मायक्रॉन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण लोखंड कातायच्या लेथवर उभा राहिला की केसाएवढा फरक त्याला खपत नसे, म्हणून कुणीतरी हे नाव चिकटवलं आणि ते कायमचंच चिकटलं. धाकटी बहीण तेवढी त्याला दादा म्हणायची. ती वेल्डर. तो घडवायचा, ती जोडायची आणि दोघं दिवसभर भांडायची.

मोटरसायकलही त्यांनी अशीच भांडत भांडत बनवलेली. इंजिन भंगारातलं, बाकी सगळं घरचं. मग एके दिवशी लोखंड ठेवायच्या माळ्यावरून दादा खाली आला तो थेट डाव्या गुडघ्यावर. ऑपरेशन होऊन आत धातूची पट्टी बसली, आणि पाय आता जेमतेम वाकेल, त्याहून जास्त नाही असं डॉक्टरांनी तोंडावर सांगून टाकलं. पाय वाकला नाही तर फूटरेस्टवर टेकायचा कसा आणि गिअर टाकायचा कसा? दादाने गाडीवर ताडपत्री टाकली. एकदा चहा पिता पिता हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं तो म्हणाला, "एक जण गाडी विचारतोय. देऊन टाकू."

"देऊन टाकू म्हणे! तुझ्या एकट्याची आहे का ती?" बहिणीचा पारा चढला. "पाय मागे जात नसेल तर फूटरेस्ट पुढे आणू. गिअर, ब्रेक, सगळंच पुढे घेऊ."

"रविवारी येतोय तो. तोवर काय करायचं ते कर."

तिला गाडीची एवढी फिकीर नव्हती. पडल्यापासून दादा वर्कशॉपमध्ये यायचा तो खुर्चीत बसून राहायला. लेथला हात लावत नव्हता. गाडी गेली तर हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही, ही तिची भीती होती.

तिने त्याला गाडीवर बसवलं आणि पायांखाली लाकडी ठोकळे सरकवले. "सांग, कुठे?"

"अजून मागे घे. अजून. हां, इथे."

तिने खडूने खूण केली. जाड पट्टी कापली, भोकं पाडली, चेसिसच्या पुढच्या नळ्यांना दोन्हीकडे जोडली. त्यावर नवे फूटरेस्ट, उजवीकडे ब्रेकचं पेडल, डावीकडे गिअरचा खटका. खटक्यापासून इंजिनपर्यंत एक सळई, तिच्या दोन्ही टोकांना फिरते सांधे. वर काळा रंग. दोन्ही बाजू इतक्या सारख्या झाल्या की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

शनिवारी सकाळी दादा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. चेहरा घामाने थबथबलेला. "गिअर जड जातोय," तो म्हणाला.

तिने सांध्यांना तेल दिलं. दादा पुन्हा जाऊन आला. आता म्हणे सीट टोचतेय. तिने सीटखाली फोम घातला. तिसऱ्यांदा आल्यावर त्याने चावी तिच्या हातात ठेवली. "जमत नाही. राहू दे. येऊ दे त्याला उद्या."

राग आला की ती कामाला लागायची. फडकं घेऊन ती गाडी पुसायला बसली. उजव्या फूटरेस्टचं रबर धुळीने माखलं होतं. डावं मात्र कोरं करकरीत. खटक्याच्या रंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिन्ही वेळा गाडीचा आवाज एकसारखाच येत होता. दादाने हाताने ढकलून पहिला गिअर टाकला होता आणि डावा पाय हवेत लोंबकळत ठेवून त्याच गिअरमध्ये तो जाऊन आला होता.

माप खोटं होतं. बहिणीसमोर पाय वाकतोय असं दाखवायला त्याने दात-ओठ खाऊन गुडघा वाकवला होता, आणि तिने, कुणाही गिऱ्हाइकाचं माप पुन्हा घेतल्याशिवाय पट्टी न कापणाऱ्या बाईने, मायक्रॉनचा शब्द डोळे झाकून मानला होता.

जेवण झाल्यावर दादा खुर्चीत कलंडला. पाय समोरच्या स्टुलावर, डावा अगदी सरळ सोडलेला. घोरणं सुरू झालं तशी ती टेप घेऊन हळूच वाकली. कमरेपासून टाचेपर्यंत, मग गुडघ्यापासून. खडूच्या खुणेपेक्षा चांगलं चार बोटं पुढे. उजवा पाय होता तिथे ठीक होता. म्हणजे आता डावीकडची पट्टी उजवीपेक्षा चार बोटं पुढे, आणि रस्त्यावरच्या आंधळ्यालाही दिसेल इतकी गाडी वाकडी. दादाला हे कसं सहन होणार, या विचाराने तिचा हात क्षणभर अडला. मग तिने ग्राइंडर उचलला आणि पट्टी कापली.

ऊन कललं तेव्हा नवी सळई बसली होती. दादाने गाडीभोवती फेरी मारली. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. ती कान बंद करून शिव्यांची वाट पाहत होती. तो गाडीवर बसला आणि गेला.

दुसरा गिअर पडलेला तिला ऐकू आला. मग तिसरा. मग वळणापलीकडे आवाजच विरला आणि तिला रडू फुटलं. त्याची गाडी परत येईपर्यंत तिने तोंड धुऊन घेतलं.

"माप मी घेतलं, तू झोपला होतास तेव्हा," ती म्हणाली.

"झोपला होता कोण?" दादा गाडीवरून उतरत म्हणाला. "तुझ्या डोळ्यांत बघून तो पाय सरळ सोडणं मला जमलं नसतं."

"मग घोरत होतास ते?"

"ते जरा जास्तच झालं."

ती हसली, आणि हसता हसता तिला उद्याचा माणूस आठवला. "त्याला काय सांगू?"

दादा वाकून डाव्या फूटरेस्टवरची धूळ बोटाने पुसत होता.

"सांग, ही गाडी दुसऱ्या कुणाच्या पायाला बसत नाही."